भुजंगभाऊजींची तेहेतीस फुटी साखळी

बत्तीस वर्षं मी पोरांना इतिहास शिकवला. इंग्रज आले, इंग्रजांनी अमुक केलं, इंग्रज गेले. फळ्यावर सनावळी, वहीत सनावळी, परीक्षेत सनावळी. त्यातून आमचा परभणी जिल्हा निजामाच्या राज्यातला, त्यामुळे पोरांना वाटायचं की इंग्रज म्हणजे पुण्या-मुंबईकडची भानगड, आपला काय संबंध. मलाही तसंच वाटायचं. आता सांगायला लाज वाटते, पण विलायतेची एक चीज आमच्या चुलतदिरांच्या गोठ्यात खुंटीला टांगलेली होती आणि मी इतकी वर्षं तिच्याखालून दुधाची चरवी घेऊन जात-येत होते.

ती चीज म्हणजे जमीन मोजायची लोखंडी साखळी. लांबी तेहेतीस फूट, दोन्ही टोकांना पितळी मुठी आणि मधे सोळा भाग. त्या भागांना आणे म्हणायचं. चारेकशे वर्षांपूर्वी विलायतेत कुणीतरी सहासष्ट फुटांची साखळी ठरवली. इकडच्या मोजणीत ती निम्मी झाली. या निम्म्या साखळीने चारी बाजूंनी चौरस आखला की झाला एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. राज्य निजामाचं असलं तरी आमची जमीन मोजली गेली ती याच मापाने. राणी गेली, निजाम गेला, आणेसुद्धा बाजारातून गेले, पण झरीच्या बाजारात दोन सख्खे भाऊ आजही भांडतात ते गुंठ्यावरूनच.

आमचे चुलतदीर म्हणजे भुजंगभाऊजी. वय त्र्याहत्तर, उंची बेताची, आवाज मात्र तीन शिवारं ओलांडून जाईल असा. चौतीस वर्षं त्यांनी मोजणी खात्यात साखळी ओढली. पाथरी म्हणू नका, मानवत म्हणू नका, जिंतूरचा खडकाळ माळ म्हणू नका, जिल्ह्यातलं असं शिवार नसेल जिथल्या ढेकळांनी त्यांचे पाय सोलले नाहीत. साहेब सावलीत टेबल मांडून नकाशा काढायचा आणि भाऊजी उन्हात साखळी घेऊन चालायचे. खात्यात नवे फीते आले आणि जुन्या साखळ्या भंगारात निघाल्या, तेव्हा अर्ज-विनंत्या करून त्यांनी ही एक घरी आणली. दर खंडेनवमीला तिला तेल लावून, हळदकुंकू वाहून पूजा व्हायची.

माणूस तसा लाखात एक, पण मोजमापाचं वेड फार. माझ्या नव्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा आले ते चहा घ्यायच्या आधी भिंतीकडे बघत उभे राहिले. "वैनी, ही भिंत दोन बोटं तिरपी हाय," म्हणाले. मी म्हटलं, "असू द्या भाऊजी, भाकरी गोलच होतात." त्यावर दोन दिवस बोलले नाहीत. गवंड्याला बोलावून ओळंबा लावला तर खरंच दोन बोटं तिरपी निघाली, आणि मग मी दोन दिवस बोलले नाही.

साखळी ओढायचं काम त्यांच्या घरात पणजोबांपासून होतं. पणजोबा नागनाथ यांनी निजामाच्या नोकरीतल्या एका गोऱ्या साहेबाबरोबर आमच्या वाघळवाडीचं सगळं शिवार मोजलं होतं. त्याचं नाव गॅरट, आमची माणसं त्याला गारटसाहेब म्हणत. गावाबाहेर जुन्या गाडीरस्त्यावर दगडी कमानीची एक मोरी आहे. तिच्या कठड्यावर इंग्रजीत या साहेबाचं नाव आणि सन कोरलेला आहे. मी दरवर्षी सातवीचा वर्ग तिथे सहलीला नेत असे. पोरांना नाव वाचून दाखवायचं, सन लिहून घ्यायला लावायचा, चिवडा खायचा आणि परत यायचं. साखळी कुणी ओढली हे त्या दगडावर नव्हतं आणि माझ्याही डोक्यात कधी आलं नाही.

भाऊजींकडे मात्र पणजोबांची एक गोष्ट होती. तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तिथे गारटसाहेब मोठा दगड रोवायचा. पण रोवण्याआधी दीड हात खड्डा घ्यायचा, त्यात मातीच्या मडक्यात कोळसा भरून पुरायचा, त्यावर माती ठोकायची आणि मग वर दगड. "दगड चोर नेतो, लाकूड वाळवी खाती, कोळशाला कुणी शिवत न्हाई," असं साहेबाचं म्हणणं. भाऊजी ही गोष्ट इतक्या वेळा सांगायचे की ते 'दीड हात' म्हणाले की आम्ही बायका पुढचं पुरं करायचो.

आता वाघळवाडीच्या तीन शिवांच्या दगडाचं काय झालं ते ऐका. शिवेवर एकटा उभा असलेला दगड आमच्या भागात फार दिवस नुसता दगड राहत नाही. कुणीतरी शेंदूर लावला, कुणीतरी नारळ फोडला आणि साहेबाच्या दगडाचा म्हसोबा झाला. चांगलं जागृत स्थान. मी स्वतः लेकाच्या दहावीला तिथे नवस बोलले होते.

पुढे सत्त्याण्णव साली रस्ता रुंद व्हायचं निघालं. आखणी नेमकी म्हसोबावरून जात होती. मग गावाने बैठक घेतली आणि वाजतगाजत, बैलगाडीत गादी घालून देवाला उचललं आणि पलीकडच्या उंचवट्यावर नवा ओटा बांधून बसवलं. पुढे होते आमचे हे, सरपंचच होते तेव्हा. आरतीचं ताट माझ्या हातात. पुजाऱ्याने सगळ्यांना बजावलं की देव हलवला असं कुणी तोंडातून काढायचं नाही, ते अशुभ. देव आला, असं म्हणायचं. आम्ही सगळे तसंच म्हणू लागलो. आणि रस्ता? तो शेवटी दुसऱ्याच बाजूने गेला.

भाऊजी तेव्हा पाथरीला मोजणीवर होते. आठ दिवसांनी आले आणि ओट्यासमोर उभं राहून असे कडाडले की बैल दचकले. "अरे, देव न्हाई हलवला तुमी, गाव हलवलं! दगड काढला तिथं खूण तरी ठेवायची!" पण तोवर जागेवर नांगर फिरला होता. लोक म्हणाले, मिरवणुकीत मान मिळाला नाही म्हणून भुजंगा चिडलाय. मीही तेच म्हणाले.

धुरपताबाई आमच्या शेजारची. नवरा तरणाताठा गेला, पदरात दोन मुली, आणि शिवेला लागून दोन एकर कोरडवाहू. बाईने मुली शिकवल्या, लग्नं लावून दिली आणि मग एक दिवस ठरवलं की आता आपल्या रानात विहीर पाडायची. पाणाड्याने जागा दाखवली ती बांधाच्या अगदी जवळ. ती भाऊजींकडे आली. त्या वेळी ओढ्याकाठचा जुना हद्दीचा दगड शाबूत होता. भाऊजींनी तिथून साखळी टाकली, दोनदा मोजलं आणि सांगितलं, "खोद. तीन हात आत हाय तुझ्या हद्दीत. कुनी बोट दावलं तर माझं नाव सांग."

पंचेचाळीस फुटांवर पाणी लागलं, तेही गोड. त्या पाण्यावर बाईने मेथी केली, वांगी केली, पाटी डोक्यावर घेऊन झरीचा बाजार धरला. काठावर बसून ती पाण्याकडे बघायची तेव्हा तिच्याशी बोलायला जाऊ नये असं वाटायचं. पुढे ओढ्याला मोठा पूर आला आणि काठच्या मातीसकट तो हद्दीचा दगड वाहून गेला. त्याचं तेव्हा कुणाला काही वाटलं नाही.

गेल्या वर्षी बांधापलीकडच्या आबासाहेबांनी सरकारी मोजणी मागवली. त्यांना पाइपलाइन टाकायची होती. मोजायला आली प्रियांका, मानवतच्या शाळेतली माझीच विद्यार्थिनी. आता भूकरमापक. हातात काठीवर बसवलेलं यंत्र, ते आभाळातल्या उपग्रहांशी बोलतं आणि जागा सांगतं. पण यंत्राला आधी जुन्या नकाशातली एखादी पक्की खूण जमिनीवर दाखवावी लागते. ओढ्याचा दगड गेलेला. राहिला तीन शिवांचा दगड, म्हणजे म्हसोबा. तिने गोळा झालेल्या माणसांना विचारलं, "हा दगड पहिल्यापासून इथेच आहे ना?"

सगळे एका सुरात म्हणाले, "देव जागचा हललेला न्हाई." भीतीने म्हणाले, सवयीने म्हणाले. भाऊजी त्या दिवशी परभणीला डोळ्याच्या ऑपरेशनला गेले होते. मी मात्र तिथेच होते. प्रियांकाने माझ्याकडे बघितलं. "बाई, तुम्हाला तर जुनं सगळं माहीत." आणि मी, बत्तीस वर्षं इतिहास शिकवलेली, पदर सारखा करत गप्प बसले. ह्यांनी वाजतगाजत आणलेला देव. ह्यांना जाऊन चार वर्षं झालेली. त्यांच्या हातून चूक झाली हे भर चारचौघांत कसं सांगायचं, असं माझ्या मनात आलं. मी मान हलवली आणि तिने ती होकाराची धरली.

देव सरकला होता दीड साखळी. त्याच्याबरोबर हद्द सरकली आणि धुरपताबाईची विहीर आबासाहेबांच्या शेतात गेली.

आबासाहेब वाईट माणूस नाही हो. तेच तर अवघड. ते तिला म्हणाले, "धुरपताबाई, कागद काय म्हणायचा ते म्हणू द्या. पाणी मी बंद करायलो न्हाई. रोज तासभर मोटर लावत जा." आपण खोदलेल्या विहिरीचं पाणी आता रोज दुसऱ्याच्या मेहेरबानीने घ्यायचं, हे तिला खाली मान घालून ऐकावं लागलं. त्या दिवसापासून तिने मोटर लावलीच नाही. वांगी जागेवर वाळली.

भाऊजी डोळ्याला काळा चष्मा लावून परत आले, तेव्हा ती त्यांच्या ओसरीवर आली. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "भाऊ, तुमचं नाव सांगितलं म्या. मोजनीवाली बाई म्हनली, नावाचा पुरावा चालत न्हाई, खुणेचा चालतो."

भाऊजी तडक माझ्या दारात. चष्म्याआडून डोळे दिसत नव्हते. "वैनी, चौतीस वर्षांत माझी साखळी एक आणा चुकली न्हाई. आज माझ्या शब्दावर पाडलेली हीर गेली. तुमी हुतात म्हने तिथं?"

मी खोटं बोलले असते तर त्यांना कळलं नसतं. पण माझ्याच्याने झालं नाही. मी रडले, आणि स्वतःचा असा संताप आला की काय सांगू. पोरांना तोंड वर करून सांगत आले की इतिहासात खरं तेच लिहायचं, आणि माझ्यासमोर घडलेलं तेवढं मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी एसटी धरली, प्रियांकाच्या कचेरीत गेले आणि जबाब लिहून दिला. देव हलवला, हा शब्द वापरला. खाली सही केली, सुमंगला गमे, निवृत्त शिक्षिका. गावात महिनाभर माझ्याशी कुणी धड बोललं नाही. बोलू नका, म्हटलं, मला वाचायला वेळ मिळेल.

प्रियांका मात्र सरळ पोरगी. म्हणाली, "बाई, दगड हलवला हे मी मानते. पण मूळ जागा कुठली, ते जमिनीतून दाखवावं लागेल. अंदाजाने मी हद्द लिहू शकत नाही." फेरमोजणीचा अर्ज झाला. ज्वारी निघाल्यावर, मार्चमध्ये, तारीख लागली.

ज्वारी निघालेलं रान. चार गावची माणसं. आबासाहेब खुर्ची नाकारून उभे. भाऊजींनी पांढरं धोतर नेसलं होतं, फेटा बांधला होता, खांद्यावर साखळी. नवरदेव तरी इतका सजत नाही. ते प्रियांकाला म्हणाले, "एक्क्याऐंशी साली म्या हितं साखळी वढली. मोरीच्या मधल्या दगडावर हुभं ऱ्हायचं, देवळाच्या कळसाकडं तोंड करायचं. तिथून अकरा साखळ्या चार आणे. तिथं दगड हुता. खाली कोळसा हाय."

"काका, बघितलाय तुम्ही कोळसा?"

"पणज्यानं पुरलाय. म्या कशाला बघू?"

लोक हसले. भाऊजींनी मागची मूठ धरली. पुढची मूठ धरायला त्यांचा मुलगा दत्ता निघाला, पण धुरपताबाईने ती त्याच्या हातातून घेतली. "माजी हीर हाय, म्या वढते." पदर खोचला आणि चालू लागली. दत्ता झेंडी घेऊन कळसाच्या रेषेत उभा राहिला. एक साखळी झाली की लोखंडी सळई रोवायची, मागून भाऊजींची आरोळी, पुढून बाईची. एक. दोन. तीन. त्या मोकळ्या रानात साखळीचा खळखळ आवाज होत होता. याच रेषेवर सव्वाशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी नागनाथ चालला असणार. मी वर्गाला मोरीपर्यंत नेलं, पण मोरीच्या पुढे अकरा साखळ्या कधी चालून बघितलं नाही.

अकरा साखळ्या, वर चार आणे. भाऊजींनी टाच मारली. "हितं खांदा."

एक हात खणलं. दीड हात खणलं. दोन हात. काळी माती, मुरमाचे खडे आणि एक गांडूळ. अजून अर्धा हात खणलं. काही नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "साहेबानं कोळसा चहाला वापरला वाटतं," आणि सगळं रान हसलं. आबासाहेब हसले नाहीत, पण त्यांनी घड्याळ बघितलं. धुरपताबाई खड्ड्याच्या काठावर बसली होती, मूठ अजून तिच्या हातात. ती मूठ तिने खाली ठेवली.

भाऊजी खड्ड्यात बघत उभे. तोंडाचा रंग गेलेला. मला वाटलं, आता हा माणूस इथेच बसेल आणि परत उठणार नाही. मी जवळ गेले. तोंडाला आलं ते विचारलं, "भाऊजी, तुम्ही तर सांगायचात की साखळी टाकण्याआधी तीच मोजायची असते. आज मोजली का?"

त्यांनी झटकन साखळीकडे बघितलं. चौतीस वर्षं रोज सकाळी कचेरीच्या अंगणात दोन खुंट्यांमधे साखळी लावून बघितल्याशिवाय त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. जुन्या साखळीच्या कड्या पसरतात, साखळी लांबते, आणि लांबलेली साखळी माणसाला पुढे नेऊन सोडते. आणि आज, आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या मोजणीला, फेटा बांधायच्या नादात ते नेमकं तेच विसरले होते.

"पोरी," ते प्रियांकाला म्हणाले, "तुझा पोलादी फीता काढ."

साखळी जमिनीवर ताणून धरली. शेजारी फीता. तेहेतीस फूट संपले आणि साखळीची मूठ अजून पुढेच. तीन इंच पुढे.

"ही लांबली कशी? खुंटीला तर हुती!" भाऊजी ओरडले. सगळे इकडे-तिकडे बघू लागले. झेंडी हातात धरून चाळीस वर्षांचा दत्ता, दोन लेकरांचा बाप, हळूच म्हणाला, "दादा, गेल्या साली उसाची ट्रॉली फसली हुती. ट्रॅक्टरला बांधून वढली म्या. तुमाला सांगनारच हुतो."

त्या वेळी भाऊजींनी दत्ताला मारलं असतं तर कुणी अडवलं नसतं. पण ते हसले. मोठ्याने, पोट धरून हसले. "लेका, तू चुकलास आन् म्या वाचलो!" मग बोटांवर हिशेब सुरू झाला. एका साखळीला तीन इंच, अकरा साखळ्यांना तेहेतीस, वर चार आण्यांचा पाऊण इंच. म्हणजे आपण पावणेतीन फुटांवर थोडं जास्त पुढे गेलो. त्यांनी रेषेवरून मागे फीता धरला, पुन्हा टाच मारली आणि या वेळी टिकाव स्वतःच्या हातात घेतला. डोळ्याचं ऑपरेशन झालेला माणूस. दत्ताने टिकाव घ्यायला हात पुढे केला, पण त्यांनी दिला नाही.

दीड हात. टिकावाचा आवाज बदलला. माती उकरून काढली तर लाल खापर. फुटक्या मडक्याचा काठ. भाऊजी गुडघ्यावर बसले, हातांनी माती बाजूला केली, आणि ओंजळ भरून वर काढली.

कोळसा. काळाकुळकुळीत, कोरडा, काल चुलीतून काढावा असा.

मी आयुष्यात कितीतरी १५ ऑगस्टला झेंड्याला सलाम केला, कितीतरी सत्कार बघितले, पण रानात असा आवाज मी कधी ऐकला नाही. लोकांनी टोप्या उडवल्या. ज्याने चहाची मस्करी केली होती तो सगळ्यात मोठ्याने ओरडत होता. धुरपताबाईने भाऊजींच्या हातातला एक कोळसा उचलला, कपाळाला लावला आणि ढसाढसा रडली. मीही रडले, आणि मला वाटतं फेट्याच्या टोकाने भाऊजींनीही डोळे पुसले, पण ते म्हणतात की ऑपरेशनमुळे पाणी येतं.

प्रियांकाने खापराच्या मधोमध यंत्राची काठी उभी केली आणि पडद्याकडे बघत थांबली. तिने नवी रेषा लावली, विहिरीपाशी जाऊन पुन्हा काठी टेकवली, फीता धरला आणि म्हणाली, "विहीर धुरपताबाईंच्या हद्दीत. बांधापासून चार फूट सहा इंच आत."

"म्हंजे किती?" धुरपताबाईने विचारलं.

"तीन हात," भाऊजी म्हणाले. "सांगितलं हुतं न्हवं?"

आबासाहेब पुढे आले. फेटा काढून त्यांनी भाऊजींना हात जोडले. मग धुरपताबाईकडे वळून म्हणाले, "बाई, माझी चूक झाली. आता कधी माझी हीर आटली तर तासभर पाणी तुमीच द्या." ती डोळे पुसता पुसता म्हणाली, "दोन तास घ्या, आबासाहेब. मागायचं न्हाई फकस्त, सांगायचं."

म्हसोबाला परत जुन्या जागी न्यायचं का, यावर थोडी चर्चा झाली. पुजारी ठाम म्हणाला की देव जिथे आला तिथे बरा आहे. मी म्हटलं, "आला नाही, आणला. आमच्याच ह्यांनी आणला, वाजतगाजत, मोठ्या हौसेने." आणि हे बोलल्यावर मला इतकं मोकळं वाटलं. हेही हसले असते असं वाटलं. देव आहे तिथेच राहिला, त्याच्या ओट्यावर, शेंदरात, आणि हद्दीच्या कामातून त्याची सुटका झाली.

जुन्या खड्ड्यावर सरकारी नवा दगड बसवायचा होता. प्रियांका म्हणाली, "काका, तुमच्या साहेबाच्या पद्धतीनेच करू." धुरपताबाई घरी पळाली आणि नव्या मडक्यात आपल्या चुलीतला कोळसा भरून घेऊन आली. भाऊजींनी जुना कोळसा त्यात मिसळला, मडकं दीड हातावर ठेवलं, माती ठोकली. दगड उभा राहिल्यावर तिने विहिरीचं तांब्याभर पाणी त्यावर ओतलं. त्या संध्याकाळी कित्येक महिन्यांनंतर तिची मोटर चालू झाली आणि आम्ही सगळे आवाज ऐकत बांधावर बसलो.

प्रियांका मांडीवर कागद ठेवून पंचनामा लिहीत होती. लिहून झाल्यावर नियमाप्रमाणे तिने तो मोठ्याने वाचला. गटांचे नंबर, दिशा, अंतरं. भाऊजी दूर बसून साखळीच्या कड्या पक्कडीने दाबत होते. कागदाशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. चौतीस वर्षांत हजारो नकाशांवर साहेबांच्या सह्या झाल्या, मोरीच्या दगडावर गारटसाहेबाचं नाव आलं, पण साखळी ओढणाऱ्याचं नाव लिहायला कुठल्याच कागदात रकाना नसतो. शेवटचं वाक्य वाचताना प्रियांकाने आवाज थोडा चढवला.

"तीन शिवांची मूळ खूण भुजंग रामराव गमे यांनी साखळीने मोजून दाखवली. सदर खूण त्यांचे पणजोबा नागनाथ गमे यांनी पुरलेली असल्याचे त्यांनी सांगितले. खोदल्यावर ती जागेवर मिळाली."

पक्कड थांबली. भाऊजी उठले, फेटा सारखा केला आणि तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"पोरी," ते म्हणाले, "नावं तेवढी परत एकदा वाच."